नत्थूची आठ पाने

हिंगणी, ता. सेलू, जि. वर्धा
दिनांक २४ नोव्हेंबर २०२३

चि. नंदिनी हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

दिवाळीच्या सुटीत तू येथे येऊन गेलीस, त्यास आज नऊ दिवस झाले. माझे कान फोनवरचे बोलणे आता धरीत नाहीत, म्हणून जे विचारावयाचे ते पत्राने विचारावे असे आपले ठरले होते. त्याप्रमाणे हे पहिले पत्र. तुझ्या आजोबांनी, म्हणजे नत्थूने, आणि मी सेलूच्या लोकबोध मुद्रणालयात बत्तीस वर्षे एका छपराखाली काम केले. मी जुळारी, शिशाचा एकेक खिळा उचलून अक्षरास अक्षर जोडावे. तो यंत्रावर, मी जोडलेले त्याने कागदावर उमटवावे. त्याच्या नातीस उत्तर देण्यात विलंब होणे मला शोभणार नाही.

तू बसवून दिलेला संगणक पूर्वेच्या खिडकीपाशी आहे. तो तुझ्या कार्यालयातून निवृत्त झालेला आहे असे तू सांगितलेस, तेव्हा त्याचे आणि माझे जमेल असे वाटते. त्यातील लिब्रेऑफिस नावाचे लिहिण्याचे साधन, मराठी अक्षरांचे वळण, एवढेच नव्हे तर यंत्र चालविणारी मूळ व्यवस्थाही विनामूल्य आहे, हे मात्र मला अद्याप पचलेले नाही. फुकटची वस्तू घेण्याची आमच्या घरास सवय नाही. हे बनविणारे लोक कोण, आणि त्यांना पोच कोठे पाठवावयाची, ते कळव.

परवा मी यंत्राची एक परीक्षा घेतली. छापखान्यात सर्वांत आधी संपणारा खिळा म्हणजे काना. मराठीत ओळीओळीला सात-आठ काने लागतात. मोठे काम आले की कान्याचा खण रिकामा होई आणि काम अडे. म्हणून मी नुसता काना दाबीत बसलो. येथे प्रत्येक कान्याच्या डाव्या अंगास ठिपक्यांचे एक वर्तुळ उमटते. ओळ भरली, पान भरले, चार पाने भरली. काना संपला नाही. आमची सूनबाई मयुरी दारातून म्हणाली, "मामाजी, चहा थंडा होऊन राह्यला. खांब बी उभे केले अन् रांगोया बी काढल्या, कोनाचा मांडव हाये?" ती चार पाने पाहताना मला जे वाटले ते सुनेस सांगण्यासारखे नव्हते.

तू ठेवून गेलेली नत्थूची वही उघडली. 'धरणावरची माणसे' हे नाव त्याने स्वतः पहिल्या पानावर घातले आहे. बोर धरणाच्या बांधकामावर ज्यांनी माती आणि दगड वाहिले अशा त्रेसष्ट जणांची नावे, आणि प्रत्येकाविषयी दोन-चार ओळी. पेन्सिलीचे अक्षर तुमच्या घरात कोणास लागत नाही. मला लागते, कारण त्याच्या चिठ्ठ्या वाचण्यात माझे आयुष्य गेले. तुझ्या आजीची, सुलोचनाबाईंची, दृष्टी उतरत चालली असून डॉक्टरांनी उन्हाळ्यापर्यंतचीच आशा दिली आहे, आणि नवऱ्याचे पुस्तक स्वतःच्या डोळ्यांनी वाचावे अशी त्यांची इच्छा आहे, हे मी विसरलेलो नाही. चौदा एप्रिलला तुम्ही दोघी हिंगणीस याल, तेव्हा पुस्तक मोठ्या अक्षरात तयार असेल. हा माझा शब्द समजावा.

हे पुस्तक त्या काळी का छापले गेले नाही, असे तू जाताना विचारलेस. नत्थूने तुला जे सांगितले तेच धरून चालावे. खिळे कमी पडले.

तुझा हितचिंतक,
अण्णाजी

•

पुणे
५ डिसेंबर २०२३

आदरणीय अण्णाजी,
सविनय जय भीम.

तुमचं पत्र आजीला दोनदा वाचून दाखवलं. खांब आणि रांगोळ्यांवर ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मयुरीवहिनींना तिचा निरोप आहे, "मांडव आमचाच म्हना, येतोच जेवाले."

तुमच्या प्रश्नाचं उत्तर. ही साधनं बनवणारी माणसं जगभर पसरलेली आहेत. काहींना संस्था पगार देतात, बरेचजण आपली नोकरी करून संध्याकाळी हे काम करतात आणि सगळ्यांसाठी खुलं ठेवतात. पोच पाठवायचा पत्ता नाही. वापरावं, चूक दिसली तर कळवावी, आणि आपल्याला येतं ते पुढच्याला शिकवावं, एवढंच. मी या लोकांची आयुष्यभर ऋणी आहे. कॉलेजात असताना विकतचं काहीच घेता आलं नसतं.

एकच गोष्ट ध्यानात ठेवा. पान लिहून झालं की 'जतन करा' हे बटण दाबायचं. ते दाबलं की पान यंत्रात उमटून राहतं. न दाबता वीज गेली तर सगळं गेलं. बाकी आणखी दोन-तीन मोफत साधनं मी आत बसवून ठेवली आहेत, त्यांच्याकडे तुम्ही पाहायची गरज नाही, ती आपापलं काम करत असतात.

खिळे कमी पडले हे आजोबांनी सांगितलं होतं, पण अर्धंच. आजी म्हणते की आठ पानं जुळवून तयार होती आणि मालक प्रभाकररावांनी ती मोडायला लावली. आजोबांसमोर प्रभाकररावांचं नाव निघालं तर ते ताटावरून उठायचे. तुम्ही तर तिथेच होतात. मालकांनी असं का केलं असेल?

आणि आजी विचारते, तिच्या नावापुढे काय लिहिलं आहे? "चांगलंच असन," असं ती म्हणते, पण तोंडावर भीती आहे.

तुमची,
नंदिनी

•

हिंगणी
दिनांक २८ जानेवारी २०२४

चि. नंदिनी हिस अनेक आशीर्वाद.

काम पूर्ण झाले. वहीतील मजकुराची मोठ्या अक्षरात एकूण सव्वीस पाने भरली. परवा झेंडावंदन आटोपून शेवटचे पान जतन केले, आणि काल सेलूस जाऊन, तू दाखविल्याप्रमाणे मजकूर भरलेला पेनड्राइव्ह रजिस्टर पोस्टाने रवाना केला. पावती जपून ठेवली आहे.

वही मात्र पाठविली नाही. शेवटच्या सहा पानांचा कागद इतका खंगला होता की वाचून उलटताना हातातच त्याचा चुरा झाला. त्यावर अकरा नावे होती. ती वेळेवर जुळविली गेली हे नशीब म्हणावयाचे.

सुलोचनाबाईंस सांगावे की त्यांचे नाव एक्केचाळिसावे आहे. नत्थूचे शब्द असे: "सुलोचना. टोपल्यात माती कमी घेते अन् मुकादमाले डोळे दाखवते. पुढे माझी बायको झाली, तरी तसंच." मी एक अक्षरही इकडचे तिकडे केलेले नाही. सातव्या क्रमांकावर हिरालाल आहे: "डाव्या हाताले चार बोटं. पाचवं कुठं गेलं ते रोज येगळं सांगे." वाचताना मी एकटाच खिडकीपाशी हसत होतो, आणि मयुरीने तिच्या माहेरी फोन करून कळविले की मामाजींचे यंत्रावर मन रमले.

पोस्टातून निघाल्यावर पाय आपोआप छापखान्याकडे वळले. प्रभाकररावांचा मुलगा योगेंद्र तेथे आता मोबाइलची आवरणे विकतो. जेथे माझी केस उभी असे, म्हणजे खिळ्यांचे खण असलेले ते उतरते लाकडी टेबल, तेथे रंगीत आवरणे टांगली आहेत. योगेंद्रने खुर्ची दिली. मी बसलो नाही, उभ्यानेच पाहिले. त्या खोलीला शाईचा आणि रॉकेलचा वास असे. सकाळी नत्थू यंत्रावर पाय ठेवी आणि पहिल्या पन्नास प्रती निघेपर्यंत कोणाशी बोलत नसे. मी माझ्या जागेवरून त्याच्या पायाचा ठेका ऐकून सांगू शकत असे की आज घरी भांडण झाले आहे किंवा कसे. चौथी उत्तीर्ण झालेला मी आणि शाळा न पाहिलेला तो. परंतु सेलूचे वकील आपल्या नोटिशीत काय लिहावे हे आम्हास विचारून लिहीत. आता माझ्या घरातील यंत्रास आवाज नाही. पान उमटते ते कळतही नाही.

कामाची शिस्त मी तीच ठेवली. सकाळी पान जुळवावयाचे, दोनदा वाचावयाचे, जतन करावयाचे. जेवण झाल्यावर सर्व आवरून जागा मोकळी करावयाची आणि मगच पुढचे पान. आधीचे काम पसरलेले ठेवून नव्यास हात लावणारा जुळारी मी कधीच नव्हतो.

प्रभाकररावांविषयीचा तुझा प्रश्न वाचला. मालक माणसे कोणत्या वेळी काय ठरवितात, याची चर्चा नोकरांनी करू नये.

हितचिंतक,
अण्णाजी

•

पुणे
७ फेब्रुवारी २०२४

आदरणीय अण्णाजी,
जय भीम.

पेनड्राइव्ह मिळाला. त्यात 'नत्थू' नावाची एकच फाइल आहे. ती उघडली तर कोरी आहे. एकही अक्षर नाही.

घाबरू नका. कदाचित भरताना काही राहिलं असेल. पान पूर्ण झाल्यावर तुम्ही नेमकं काय काय करत होतात, ते अगदी क्रमाने लिहून पाठवा. काही वगळू नका. तोपर्यंत संगणकावर नवीन काही लिहू नका.

आजीला अजून सांगितलेलं नाही. ती रोज विचारते, "आलं काय?"

नंदिनी

•

हिंगणी
दिनांक १३ फेब्रुवारी २०२४

चि. नंदिनी हिस आशीर्वाद.

तुझे पत्र तीन वेळा वाचले. विचारल्याप्रमाणे क्रम लिहितो.

मी 'नत्थू' ही फाइल उघडीत असे. तीत एक पान जुळवीत असे. वाचून, दुरुस्त करून 'जतन करा' दाबीत असे. ते दाबले की पान यंत्रात उमटून राहते असे तुझ्या पत्रात स्पष्ट लिहिले आहे. पत्र माझ्यासमोर आहे. पान उमटले, म्हणजे छपाई झाली. छपाई झाली की जुळविलेले खिळे सोडावयाचे, म्हणजे एकेक अक्षर काढून ज्याच्या त्याच्या खणात परत टाकावयाचे. तसे न केल्यास पुढच्या पानास अक्षरे कोठून आणावयाची? काना येथे संपत नाही हे मी पाहिले होते. परंतु इतर अक्षरांची खात्री नव्हती, आणि दुसऱ्याच्या यंत्रातील अक्षरे अडवून ठेवणे मला प्रशस्त वाटले नाही. म्हणून दुपारच्या जेवणानंतर, जी छापखान्यात खिळे सोडण्याचीच वेळ होती, मी पानाच्या शेवटापासून एकेक अक्षर पुसत वर येत असे. घाईने सर्व एकदम पुसले नाही. सोडताना घाई केली की खण चुकतो. मध्ये मध्ये जतन करीत असे. पान कोरे झाले की पुन्हा जतन करून, त्याच जागेवर दुसऱ्या दिवशी नवे पान.

सव्वीस दिवस सव्वीस पाने मी अशी सोडली.

माझ्या हातून काय घडले आहे ते मला आता दिसू लागले आहे. तरीही तू स्पष्ट लिहावेस. मला सांभाळून घेण्याचे कारण नाही. वहीच्या सहा पानांचा चुरा मी एका पाकिटात घालून ठेवला आहे. त्यावर उन्हात भिंग धरून पाहिले. काही लागत नाही.

अण्णाजी

•

पुणे
२० फेब्रुवारी २०२४

आदरणीय अण्णाजी,

स्पष्ट लिहिते. इथे खण नाहीत. अक्षर काढलं तर ते कुठेही परत जात नाही, नुसतं नाहीसं होतं. आणि कोरं पान जतन केलं की आधीच्या पानाची जागा ते कोरं पान घेतं. हे तुम्हाला सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. माझ्या पिढीने खिळे सोडताना कुणाला पाहिलेलंच नाही. चूक तुमची नाही, शिकवणारीची आहे.

पण सगळं गेलेलं नसावं. मी म्हटलं होतं ना, दोन-तीन साधनं आत बसवली आहेत? त्यातलं एक आहे बॅक इन टाइम. तेही मोफत. ते दर तासाला तुमच्या कामाच्या कप्प्याची एक नक्कल काढून पेटीतल्या दुसऱ्या डिस्कवर ठेवतं, कुणाला न विचारता. तुम्ही सकाळी पान लिहून जेवायला गेला असाल, तर त्या मधल्या तासात ते पान पूर्ण असतानाची नक्कल तिथे असायला हवी.

पडद्यावर खाली डावीकडे चौकोनी खूण आहे, ती दाबा. यादीत बॅक इन टाइम हे नाव दिसेल. ते उघडलं की डाव्या बाजूला तारखा आणि वेळा दिसतील. एक दुपारची वेळ निवडा. उजव्या बाजूला 'नत्थू' दिसेल. त्यावर दोनदा टिचकी मारा. पान दिसलं तर ते 'नत्थू १', 'नत्थू २' अशा नव्या नावाने जतन करा. आणि अण्णाजी, काहीही सोडू नका.

नाही जमलं तर मी रजा काढून येते.

नंदिनी

•

हिंगणी
दिनांक २ मार्च २०२४

चि. नंदिनी हिस अनेक आशीर्वाद.

सव्वीसही पाने सापडली. अकरा नावांसह. वेगवेगळ्या नावांनी जतन करून नवा पेनड्राइव्ह काल रवाना केला आहे. तुला रजा काढण्याची आवश्यकता नाही.

आता जे लिहितो ते तू सुलोचनाबाईंस वाचून दाखवावेस. माझ्या पत्राचा हा भाग त्यांच्यासाठी आहे.

पहिल्या पानाच्या तारखेवर बारा वाजताची नक्कल उघडली, तेव्हा पान पूर्ण होते. न कळून मी पुढची, एक वाजताची उघडली. तीत खालच्या सहा ओळी नव्हत्या. दोन वाजताच्या नकलेत अर्धे पान होते. तीनच्या नकलेत नुसते शीर्षक, 'धरणावरची', आणि पुढे काही नाही. माझ्या हाताने नत्थूचे पुस्तक कसे उतरत गेले हे यंत्राने तासातासाने लिहून ठेवले होते. चाळीस वर्षांपूर्वी असे लिहून ठेवणारे कोणी नव्हते, म्हणून मला खोटे बोलता आले.

सन एकोणीसशे चौऱ्याऐंशी. मुद्रणालयास पंचवीस वर्षे झाली म्हणून स्मरणिका निघणार होती. त्याच सुमारास नत्थूने वही आणली. प्रभाकररावांनी ती चाळली आणि म्हणाले, "कामाची वेळ संपल्यावर दोघं मिळून करा. कागद माह्याकडून." त्यांनी एवढेच म्हटले आणि तेच त्यांनी पाळले. मी तीन आठवडे संध्याकाळी बसून पहिली आठ पाने जुळविली. पहिल्या पानावर पहिले नाव नत्थूच्या आईचे होते. ती आठ पाने सुतळीने बांधून दगडी ओट्यावर ठेवली. रविवारी नत्थू छापणार होता.

शुक्रवारी स्मरणिकेचे शेवटचे पान आले. त्यात माझे छायाचित्र आणि माझा परिचय होता. 'मुख्य जुळारी श्री. अण्णाजी' असा मथळा होता. छापील कागदावर माझे नाव येण्याचा तो पहिला प्रसंग. चौदा ओळी जुळविल्या आणि कान्याचा खण रिकामा झाला. आणखी नऊ ओळी राहिल्या होत्या. प्रभाकरराव नागपुरास गेले होते. त्यांना विचारले असते तर ते म्हणाले असते, परिचय आखूड करा. मी विचारले नाही. मी ओट्याकडे गेलो, सुतळी सोडली, आणि नत्थूच्या आठही पानांतले खिळे सोडले. एका पानातून मला पुरेसे काने मिळाले असते. परंतु एकच पान गेलेले दिसले असते तर प्रश्न आला असता. आठही गेली की हुकूम वाटतो.

नत्थू सकाळी आला आणि रिकामा ओटा पाहून उभा राहिला. मी म्हणालो, "मालकांनी सोडायला सांगितले." त्याने वही उचलून पिशवीत घातली. त्यानंतर दहा वर्षे आम्ही त्याच खोलीत काम केले. त्याने वही पुन्हा आणली नाही, आणि मी आण म्हणालो नाही. कारण तो मालकांकडे परवानगी मागण्यास गेला असता तर मी उघडा पडलो असतो.

क्षमा मागण्याची रीत मला माहीत आहे. पुष्कळ क्षमापत्रे मी जुळविली आहेत. त्यातले एकही वाक्य येथे चालेल असे वाटत नाही.

अण्णाजी

•

पुणे
११ मार्च २०२४

आदरणीय अण्णाजी,

सगळी पानं नीट उघडली. तुमचं पत्र मी आजीला पूर्ण वाचून दाखवलं. ती काल म्हणाली, "घे कागद. मी सांगतो तसं लिहिजो. सुधरवू नोको." म्हणून तिचे शब्द जसेच्या तसे खाली.

"अण्णाजी, मी रागावली हाये. माह्यासाठी नाई. प्रभाकरराव वारले तवा सेलूचा अख्खा बाजार घाटावर गेलता. तुमचा दोस्त घरी बसून राह्यला. मी म्हनलं, जा जी, इतके वर्सं त्यायच्या हाताखाली काम केलं. तर मले म्हनते, 'ज्यानं माह्या मायचं नाव मोडलं त्याच्या लाकडाले मी हात लावत नाई.' तवा तुमी घाटावर होते. तुमाले ते दिसले नाई तवा समजलं नाई काय, काऊन नाई आला म्हनून? समजलं असन. तुमी हुशार हा.

"आता दोघंबी नाईत. कोनाले जाऊन सांगू? तुमीच राह्यले, अन् मी राह्यली, अन् माह्ये डोये चालले. राग घेऊन बसाले मले टाईम नाई. पुस्तक मले पायजे.

"पर दोन कामं करा. जे मले कळवलं ते पुस्तकात शेवटी छापा, तुमच्या नावानिशी. अन् छापाच्या आंधी प्रभाकररावाच्या पोराले वाचून दाखवा. त्याच्या बापाचं नाव हाये ते.

"दुसरं. नंदिनीनं सगळे नावं मले मोजून दाखवले. त्रेसष्ट. अख्ख्या दुनियेचं लिहिलं, आपलं स्वतःचं नाई लिहिलं त्या मानसानं. ते तुमी लिहा. त्याले माह्यापक्षा जास्त वेळ तुमी पाह्यलं. गोड लिहू नोका. जसा होता तसा."

आजीचं इथे संपलं. पुस्तकाच्या बांधणीची तयारी मी इकडे करते आहे. तुमची पानं आली की छापायला देते.

नंदिनी

•

हिंगणी
दिनांक २० मार्च २०२४

आदरणीय सुलोचनाबाई यांस,
अण्णाजीचा जय भीम.

तुम्ही सांगितलेली दोन्ही कामे केली आहेत. सोबतच्या पेनड्राइव्हमध्ये ती निरनिराळ्या नावांनी जतन आहेत.

शेवटचे पान जुळवून मी सोमवारी सेलूस गेलो. योगेंद्रच्या दुकानात दोन गिऱ्हाइके होती, ती जाईपर्यंत थांबलो. मग खुर्चीवर बसून कागद काढला आणि वाचला. वाचताना माझा आवाज मला ऐकू येत नव्हता, म्हणून जोराने वाचले असावे. शेजारचा दुकानदार डोकावून गेला. योगेंद्रने हातातले आवरण बाजूला ठेवले आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "अण्णाजी, छापखान्याच्या पंचवीस वर्सांच्या समारंभात मी नऊ वर्सांचा होतो. बाबांनी पहिल्या रांगेत एक खुर्ची धरून ठेवलती. कोनी बसाले आलं की म्हनत, थांबा, आमचा नत्थू येऊन राह्यला. मी बसलो त मलेबी उठवलं. कार्यक्रम सरला तरी त्या खुर्चीवर कोनाले बसू देल्लं नाई."

त्या वेळी मी मंचावर होतो. माझ्या गळ्यात हार होता आणि ती खुर्ची मला समोर दिसत होती. कार्यक्रमानंतर त्यांनी विचारले, तेव्हा नत्थूला ताप आहे, असे प्रभाकररावांना मीच सांगितले. ही गोष्ट मी मागच्या पत्रात तुम्हास लिहिली नव्हती. घाटावर नत्थू का आला नाही, हेही मला तेव्हा समजले होते. तुमचा तर्क बरोबर आहे. या दोन्ही गोष्टी मी घरी येऊन त्या पानात घातल्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सेलूस जाऊन पान पुन्हा वाचून दाखविले. योगेंद्र म्हणाला, "छापा." त्याने चहा मागविला, तो मी घेतला.

'जुळणी: अण्णाजी' ही ओळ नत्थूने वहीच्या पहिल्या पानावर चाळीस वर्षांपूर्वीच लिहून ठेवली होती. ती काढावी असे मला वाटत होते. परंतु हस्तलिखितातील मजकूर लेखकास न विचारता काढण्याचा अधिकार जुळाऱ्यास नाही. एकदा तो मी घेतला होता. म्हणून ओळ आहे तशी ठेवली आहे.

नत्थूविषयी लिहिण्यास सहा दिवस लागले. आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहिलेले जोडले. स्वतः लिहिण्याचा हा पहिला प्रसंग. त्याच्या बोलीत लिहून पाहिले, ते खोटे वाटले. माझ्या भाषेत लिहिले आहे. त्यात काही कमी-जास्त असल्यास चौदा तारखेस समोर सांगावे, आणि नंदिनीने तेथेच दुरुस्त करावे. तिला आवडणाऱ्या त्या विनामूल्य साधनांचा तोच गुण आहे असे ती म्हणते.

तुम्ही वाचाल तेव्हा ते असे असेल:

"६४. नत्थू. वय चौदा, सोळा सांगितले, म्हणजे पुरुषाची मजुरी मिळेल. दगडाच्या टोळीत होता. शाळेत गेला नाही. हजेरीपटावर आपले नाव कोणते ते शोधता शोधता वाचावयास शिकला. स्वतःची टोपली भरली की पुढे चालणाऱ्या बायकांच्या टोपलीतला एखादा दगड काढून आपल्या टोपलीत घाली, आणि मुकादमाने हटकले तर मुकादमाशी भांडे. हिशेबात कच्चा. जेवताना बोलत नसे. रागावला की वर्षानुवर्षे रागावे. ज्याच्यावर विश्वास ठेवला, त्यास त्याने उलट प्रश्न कधी विचारला नाही."

अण्णाजी